बालवीर, आज्ञा आणि विश्वास

ज्या पुरुषाने आपल्या आयुष्याची ३४ वर्षे युद्धविद्या शिकण्यात, आचरण्यात आणि शिकविण्यात घालविली, त्याच्या हाती आपली मुले नीतिशिक्षणासाठी सोपवावीत किंवा कसे, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु लेफ्टनंट जनरल रॉबर्ट बेडन पॉवेल ह्यांनी १९०७-०८ साली इंग्लंडात सुरू केलेली बालवीरांची चळवळ आज १७० हून अधिक देशांत पसरली असून साडेपाच कोटींहून अधिक मुलेमुली व तरुण तिच्यात आहेत. ह्या मुलांचा गणवेश, त्यांचा नमस्कार, त्यांचे वचन आणि त्यांची सद्गुणांची यादी ह्या सर्वांचे मूळ एका सेनानीच्या अनुभवात आहे. तेव्हा रणांगणाहून आलेली ही नीती कोवळ्या शीलास पोषक की मारक, ह्याचा विचार आईबापांनी आणि शिक्षकांनी एकदा शांतपणे करावयास हवा.

ह्या प्रश्नावर आपल्याकडे दोन मते ठराविक साच्यात मांडली जातात. पहिले मत असे की, लष्कर हीच सद्गुणांची खरी शाळा होय. वक्तशीरपणा, काटकपणा, आज्ञाधारकता व देशभक्ती ही जेथे हुकमी तयार होतात तेथूनच ती मुलांत आणली पाहिजेत. दुसरे मत असे की, गणवेश तो गणवेशच. मुलाच्या अंगावर खाकी चढविली आणि हाती काठी दिली की त्या काठीची बंदूक व्हावयास फारसा वेळ लागत नाही. ही मते एकमेकांविरुद्ध दिसत असली तरी दोहोंच्या बुडाशी समजूत एकच आहे. बेडन पॉवेल ह्यांनी लष्करातून मुलांकडे जे आणले ते शिस्त होय, असे दोघेही गृहीत धरतात. आमच्या मते ही समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे. आणि ती तपासावयाची तर ह्या गृहस्थाच्या चरित्राकडे थोडे वळणे भाग आहे.

बेडन पॉवेल ह्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक होते. मुलगा ३ वर्षांचा असतानाच ते वारले. चार्टरहाउस शाळेत ह्या मुलाचे मन वर्गापेक्षा शाळेलगतच्या झाडीत अधिक रमे. १८७६ मध्ये १३ व्या हुसार्स ह्या रिसाल्यात अधिकारी म्हणून दाखल होऊन ते लखनौस आले. पुढची नोकरी कधी हिंदुस्थानात, कधी आफ्रिकेत झाली. बोअर युद्धात १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस, मॅफिकिंग हे लहानसे गाव त्यांनी वेढ्यात टिकवून धरले. वेढा उठल्याची वार्ता येताच लंडनच्या रस्त्यांवर जो धुमाकूळ झाला, त्याने इंग्रजी भाषेस बेहोश उत्सव करणे ह्या अर्थाचे 'मॅफिक' हे एक नवे क्रियापदच दिले. वयाच्या ४३ व्या वर्षी बेडन पॉवेल मेजर जनरल झाले आणि इंग्लंडातील प्रत्येक शाळकरी पोराच्या तोंडी त्यांचे नाव झाले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या वेढ्यातील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. माणसे अपुरी पडू लागल्यामुळे गावातील ९ वर्षांवरील गोऱ्या मुलांची एक तुकडी उभारण्यात आली होती. निरोप पोचविणे, इस्पितळात हातभार लावणे, टेहळणीस उभे राहणे अशी कामे ही मुले करीत. आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून ती गोळीबारातून ये-जा करीत. मुलांवर विश्वास टाकला तर ती तो पेलतात, हा धडा ह्या तुकडीवरून मिळाल्याचे बेडन पॉवेल पुढे आवर्जून सांगत. त्या धड्यातील शब्द 'विश्वास' हा आहे, 'शिस्त' हा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ह्याचे कारण त्यांच्या लष्करी विद्येच्या जातीत सापडते. सैन्यातील बहुतेक शिपायांचे कर्तव्य रांगेत राहणे व हुकूम झेलणे हे असते. परंतु प्रत्येक सैन्यात एक शिपाई असा असतो की, त्याला काय पाहावयाचे हे आगाऊ कोणीच सांगू शकत नाही. आणि तो म्हणजे हेर. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाइकाचे नाव महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक आहे. बहिर्जीस शत्रूच्या मुलखात धाडताना वाटेवरच्या प्रत्येक वळणाची आज्ञा कोण देणार? तेथे त्याची नजर, त्याचा तर्क, त्याचे धैर्य हेच त्याचे वरिष्ठ. आणि परत आल्यावर त्याने जे सांगावयाचे ते धन्याला रुचेल ते नव्हे, तर डोळ्यांनी पाहिले ते. हेर खोटे बोलला तर सारे सैन्य खड्ड्यात जाईल. स्वतंत्र बुद्धी आणि सत्यकथन हे दोन गुण नसतील तर तो कवडीमोलाचा.

इंग्रजीत 'स्काउट' ह्या शब्दाचा मूळ अर्थ हाच. मराठीने त्याचे 'बालवीर' असे भाषांतर केले, त्यामुळे शौर्याची छटा वाढली आणि टेहळणीची छटा लोपली. शब्द गोड झाला, पण अर्थाचा गाभा थोडा झाकला गेला. बेडन पॉवेल ह्यांनी १८९७ ते १८९९ ह्या काळात मेरठ येथे ५ व्या ड्रॅगून गार्ड्सचे आधिपत्य केले, तेव्हा लहान लहान गट करून त्यांनी आपल्या सैनिकांना हीच विद्या शिकविली. १८९९ मध्ये त्यांचे हेरगिरीवरील पुस्तक सैनिकांसाठी म्हणून निघाले. युद्धाहून परतल्यावर त्यांना आढळून आले की, ते पुस्तक शिक्षक आणि मुलेच अधिक आवडीने वाचीत आहेत. अँबलसाइड येथे शार्लट मेसन ह्या शिक्षणतज्ज्ञ बाई शिक्षिका तयार करीत असत. त्यांनीही ते आपल्या अभ्यासक्रमात घेतले होते. मुलांचे निरीक्षण तीक्ष्ण कसे करावे, ह्याचे उत्तर एका शांतताप्रिय शिक्षिकेला रिसाल्याच्या पुस्तकात सापडावे, ही गोष्ट पुष्कळच बोलकी आहे.

१ ऑगस्ट १९०७ रोजी पूल बंदराजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांची जी पहिली छावणी भरली, तिच्यात ह्या विचाराची परीक्षा झाली. काही मुले खर्चिक शाळांतील श्रीमंतांची, तर काही पूल व बोर्नमथ येथील कामकऱ्यांची. त्यांचे लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू पक्षी अशा नावांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हवाली केला. हा संघनायक मुलांतलाच एक; वडीलधाऱ्यांचा मुकादम नव्हे. तंबू लष्कराचे होते. मुलांना उठविण्यासाठी जे शिंग फुंकले जाई, ते माताबेले लोकांविरुद्धच्या लढाईतून आणलेले कुडू हरणाचे होते. म्हणजे साधने सारी युद्धातली. पण त्यांनी जे घडवावयाचे ते मात्र कवायतीचे उलट टोक. कवायतीत शंभर पावले एक होतात. येथे एकेक मूल आपल्या पायावर उभे राहावयाचे होते. विल्यम स्मिथ ह्यांनी ग्लासगो येथे १८८३ मध्ये स्थापिलेल्या बॉइज ब्रिगेडमध्ये कवायतीस जे स्थान होते, ते बेडन पॉवेल ह्यांनी आपल्या योजनेत तिला दिले नाही. १९०८ च्या जानेवारीपासून त्यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले. त्यातले खेळही ह्याच धोरणाचे आहेत. किपलिंगच्या 'किम' कादंबरीवरून घेतलेला एक खेळ असा : तबकात मांडलेल्या वस्तू क्षणभर पाहून त्या आठवून सांगावयाच्या. पुढे १९१६ मध्ये लहान मुलांची शाखा निघाली तेव्हा तिच्यासाठी आमच्या नागपुराच्या उत्तरेकडील शिवनीच्या अरण्यातला मोगली आणि त्याचा लांडग्यांचा कळप उसना घेतला गेला.

आता त्यांच्या नियमांकडे पाहू. १९०८ च्या पुस्तकात ९ नियम होते. १९११ मध्ये दहावा जोडला गेला. ह्या नियमांची भाषा मोठी मार्मिक आहे. जगातील बहुतेक नीतिनियम 'हे कर', 'ते करू नको' अशा आज्ञार्थात असतात. हे नियम मात्र, वैयाकरण ज्यास 'स्वार्थ' म्हणतात त्या क्रियापदांच्या साध्या कथनरूपात आहेत : बालवीर भरवशाचा असतो, बालवीर प्राण्यांचा मित्र असतो, अशी त्यांची धाटणी. हा केवळ भाषेचा डौल नव्हे. आज्ञार्थात अविश्वास गृहीत धरलेला असतो. 'चोरी करू नको' असे ज्याला सांगावे लागते, तो चोरी करील अशी शंका आपल्या मनात असते. 'तू भरवशाचा आहेस' असे जेव्हा आपण मुलास सांगतो, तेव्हा त्याने अजून न मिळविलेली पत आपण त्याला आगाऊ देतो, आणि ती राखण्याची इच्छा त्याच्या ठायी उत्पन्न करतो. हीच त्या मुलाच्या वचनाची मूळ बैठक होय.

परंतु ह्याच नियमावलीत एक विसंगतीही राहून गेली. आईबाप, संघनायक व स्काउटमास्तर ह्यांच्या आज्ञा बालवीराने निमूटपणे पाळाव्यात, असा सातवा नियम होता. न आवडणारा हुकूमही शिपायाप्रमाणे आधी पार पाडावा, काही म्हणणे असल्यास ते मागाहून सांगावे, असे त्याचे स्पष्टीकरण होते. दुसऱ्या नियमात राजाबरोबर मालकाशीही निष्ठा सांगितली होती. म्हणजे हेराच्या शाळेत कवायतीचा सुभेदार मागच्या दाराने शिरला. चळवळीचा पुढचा सारा नैतिक इतिहास म्हणजे ह्या दोन तत्त्वांतील, विश्वास आणि आज्ञा ह्यांमधील झगडा होय, असे आम्हांस वाटते.

ह्या झगड्याकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचा परामर्श घेणे इष्ट आहे. बालवीराने रोज एक तरी सत्कृत्य करावे आणि त्याची आठवण म्हणून गळपट्ट्यास गाठ मारावी, असा प्रघात आहे. कोणी म्हणेल, गाठी मारून आणि दिवस मोजून केलेले परोपकार ते परोपकार कसले? ही चित्रगुप्ताची वही मुलाने स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतली, एवढेच! कर्तव्यबुद्धीवाचून दुसऱ्या हेतूने केलेल्या कृत्यास नैतिक मूल्य नाही, असे कांटने प्रतिपादिले आहे. आणि फलाशा सोडून कर्म करावे, हे तर आपल्याकडे घरोघर माहीत आहे. ह्यावर आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, न्यायाची कृत्ये करूनच माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे बालवयास अधिक लागू पडते. कमान बांधताना खाली लाकडी आधार द्यावा लागतो. दगड एकमेकांस धरू लागले की आधार काढून घ्यावयाचा असतो. आधार हीच कमान, असे समजणारा जसा चुकतो, तसाच आधाराशिवाय कमान बांधू पाहणाराही चुकतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ती गाठ झालेल्या पुण्याची नोंद नसून व्हावयाच्या कृत्याची आठवण आहे, आणि कृत्याबद्दल बक्षीस घेण्यास नियमानेच मनाई आहे. जमेच्या बाजूस काही मांडावयाचे नाही. मांडावयाचे ते फक्त ऋण. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो ही आपली जुनी कल्पना ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या गाठीत परके असे काही दिसू नये.

आता मुख्य झगड्याकडे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स ह्यांनी १९१० साली युद्धाच्या नैतिक पर्यायाविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, केवळ युद्ध वाईट म्हणून सांगितल्याने युद्ध थांबणार नाही. धैर्य, सहनशीलता, स्वार्थत्याग हे जे गुण युद्ध जागे करते त्यांना दुसरे क्षेत्र दिले पाहिजे, आणि त्यासाठी तरुणांस सृष्टीशी झुंजण्याच्या कष्टमय कामांत भरती करावे. जवळजवळ त्याच सुमारास एक सेनानी हा प्रयोग प्रत्यक्ष करीत होता. १९१० मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन बेडन पॉवेल ह्यांनी उरलेले आयुष्य ह्याच कामास वाहिले. परंतु पर्याय म्हणून काढलेली वस्तू पूर्वतयारी ठरण्याचा धोका प्रथमपासूनच होता. चळवळीवर लष्करी मंडळींचे वजन फार आहे, अशी तक्रार करणारे लंडनचे आयुक्त सर फ्रान्सिस व्हेन ह्यांना १९०९ मध्येच बाजूस व्हावे लागले.

पहिल्या महायुद्धात हा धोका मूर्तिमंत उभा राहिला. जॅक कॉर्नवेल हा बालवीर वयाच्या १६ व्या वर्षी चेस्टर ह्या युद्धनौकेवर होता. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या आरमारी लढाईत त्याच्या तोफेवरील माणसे पडली. तो स्वतः जबर जखमी झाला, तरी हुकुमाची वाट पाहत आपल्या जागी उभा राहिला. दोन दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि बालवीर संघटनेने त्याच्या नावाने शौर्यपदक सुरू केले. त्या मुलाच्या धैर्यापुढे मान लववावी तितकी थोडीच. परंतु १६ वर्षांच्या पोरास तेथे कोणी उभे केले, हा प्रश्न त्या पदकाच्या तेजात झाकून जातो. आणि ज्या गुणाचा तेथे गौरव झाला तो गुण हेराचा नसून पहाऱ्यावरच्या शिपायाचा होता.

आज्ञेचे हे तत्त्व विश्वासापासून तोडून एकटे घेतले तर त्याचे काय होते, हे जगाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पाहिले. सोव्हिएट राजवटीने बालवीर संघटना बंद केल्या आणि १९२२ मध्ये पायोनियर संघटना काढून तिच्यासाठी बालवीरांचीच पद्धती उचलली. इटलीत १९२६ मध्ये मुसोलिनीची बालिल्ला संघटना निघाली आणि १९२८ पर्यंत तेथील बालवीर पथके मोडली गेली. जर्मनीत १९३३ नंतर हिटलरच्या युवक संघटनेने तेच केले. छावणी, शेकोटी, गणवेश, ध्वज, समूहगान हे सारे ह्या संघटनांनी ठेवले. मग मूळ चळवळ त्यांस नकोशी का झाली? आमच्या मते कारण उघड आहे. जगभरच्या बालवीरांस बंधू मानणारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खरे सांगावयास शिकलेला मुलगा हुकूमशहाच्या कामाचा नसतो. त्याला रांग हवी असते, हेर नको असतो.

बालिल्लाची ही कीर्ती आपल्याकडेही पोचली होती. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे ह्यांनी १९३१ च्या मार्चमध्ये रोम येथे मुसोलिनीची भेट घेतली व तेथील तरुणांच्या शिक्षणसंस्था पाहिल्या. १९३७ मध्ये त्यांनी नाशिक येथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. चारच वर्षांनी, १९४१ मध्ये, एस. एम. जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. तेथेही गणवेश आणि संचलन होते, परंतु ध्येय लोकशाही समाजवादाचे होते. मुलांना मैदानावर एकत्र आणणे हे एक भांडे आहे. त्यात काय शिजते हे भांड्यावरून कळत नाही. गणवेशास भिणारे आणि गणवेशावर भाळणारे दोघेही भांड्यालाच अन्न समजतात.

त्या भांड्यात विश्वास असेल तर काय होते, ह्याचे उदाहरण पोलंडने दिले. १९३९ मध्ये जर्मनीने तो देश व्यापल्यावर पोलिश बालवीर भूमिगत झाले आणि 'करडी पथके' ह्या गुप्त नावाने त्यांनी काम चालू ठेवले. कायदा त्या वेळी परक्याच्या हाती होता. आज्ञाधारकपणा हाच सर्वश्रेष्ठ सद्गुण असता तर जर्मन अधिकाऱ्यास सलाम करणे हेच त्या मुलांचे कर्तव्य ठरले असते. त्यांनी मानले ते आपले वचन. त्यांच्या कार्यक्रमाचे सूत्र 'आज, उद्या, परवा' असे तीन पदरी होते : आज गुप्त कार्य, उद्या उठाव, आणि परवा स्वतंत्र देशाची उभारणी. १२ ते १४ वर्षांच्या मुलांचा गट त्यांनी शस्त्रांपासून दूर ठेवला. ही मुले 'परवा'साठी राखलेली होती. १९४४ च्या वॉर्सा उठावात ह्याच मुलांनी जळत्या शहरात टपालाची पिशवी खांद्यावर टाकून पत्रे पोचविली, आणि त्यांतील कित्येक परत आली नाहीत. मुलांवर असा प्रसंग यावा हे मनुष्यजातीस लांच्छनच. परंतु तो आल्यावर कोणाचा हुकूम मानावयाचा नाही हे ज्यांना कळले, त्यांचे शिक्षण वाया गेले नव्हते.

निमूट आज्ञापालनाचे दुसरे भयंकर रूप तर शांततेच्या काळात, छावणीच्या आतच दिसले. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ह्या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि बालपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले असे सांगणारे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले. हा आकडा वाचून सुन्न व्हावयास होते. अशा पापाचे कर्ते ते ते नराधम. परंतु वडीलधाऱ्याची आज्ञा प्रथम पाळावी व तक्रार मागाहून करावी, हे ज्याला धर्म म्हणून शिकविले, त्या मुलाला 'नाही' हा शब्द कोणी शिकविलेला असतो? विश्वास एकाच बाजूने मागितला की तो विश्वास राहत नाही. ती नुसती सत्ता होते. ब्रिटनमधील संघटनेने १९६७ मध्ये नियम बदलले, तेव्हा आज्ञापालनाचा स्वतंत्र नियम गळाला. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या ९ नियमांतही त्याच्या जागी शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आहे. हा बदल किरकोळ नव्हे. आत शिरलेला सुभेदार निदान नियमांतून तरी बाहेर निघाला, असे त्यावरून म्हणता येईल.

आता राहिला खुद्द संस्थापकाचा हिशेब. आणि तो टाळून चालणार नाही. १८९६ च्या माताबेले युद्धात पकडलेल्या उविनी नामक नायकास बेडन पॉवेल ह्यांच्या हुकुमाने लष्करी न्यायासनापुढे उभे करून गोळी घालण्यात आली. चौकशी झाली व तीत ते निर्दोष ठरले. मॅफिकिंगच्या वेढ्यात न्यायालयाचे एक तरुण कृष्णवर्णी दुभाषे, सॉल प्लाटये, रोजनिशी लिहीत होते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील राष्ट्रीय काँग्रेसचे ते पहिले चिटणीस झाले, आणि त्यांची ती रोजनिशी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत गावातल्या आफ्रिकन लोकांची उपासमारही दिसते. त्या उपासमारीस बेडन पॉवेल कितपत जबाबदार होते, ह्याविषयी थॉमस पाकेनहॅम आणि टिम जील ह्या इतिहासकारांत मोठा मतभेद आहे. परंतु भूक गोऱ्या आणि काळ्यांच्या वाट्यास सारखी आली नाही, ही गोष्ट नाकारता येत नाही.

चळवळीतही तोच पंक्तिप्रपंच झाला. हिंदुस्थानात १९०९ मध्ये बंगलोर येथे पहिले पथक निघाले ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. तेव्हा ॲनी बेझंट व अरुंडेल ह्यांनी मद्रासेस, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी ह्यांनी प्रयागास १९१८ मध्ये सेवा समितीतर्फे, हिंदी मुलांच्या स्वतंत्र संघटना उभारल्या. १९२१ च्या बेडन पॉवेल ह्यांच्या भेटीनंतर दार उघडले. परंतु १९३७ मध्ये ते पुन्हा येऊन गेल्यावर हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले अनुदार उद्गार येथे फार झोंबले. अनेकांनी संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. हे सारे प्रवाह एक होऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. दक्षिण आफ्रिकेत १९३६ मध्ये त्यांच्याच संमतीने वर्णावर्णांच्या वेगळ्या संघटना झाल्या. त्या एक व्हावयास १९७७ साल उजाडावे लागले. मुलींचेही तसेच. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यास मुलींना बोलावणे नव्हते. तरी बालवीरांचा वेष करून काहीजणी आल्याच, आणि पुढल्या वर्षी त्यांच्यासाठी निराळी संस्था काढणे भाग पडले.

२०२० च्या जूनमध्ये पूल बंदरावरील बेडन पॉवेल ह्यांचा पुतळा हलविण्याचा विचार तेथील नगरमंडळाने केला, तेव्हा काही लोक तो हलवावा म्हणून, तर काही तो राखावा म्हणून सरसावले. आम्हांस वाटते, पुतळ्यावरील हा वाद मूळ प्रश्नापासून दूर जातो. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगात एक गोष्ट समान आहे. ज्यांना वगळले त्यांनी नियम झुगारला नाही. त्यांनी नियमावर आपला हक्क सांगितला. देश, वर्ग न पाहता प्रत्येक बालवीर दुसऱ्याचा भाऊ, हे वाक्य त्यांनी खरे मानले, आणि ते लिहिणाऱ्यापुढेच धरले. ज्याने वजन घडविले त्यालाही त्याच तराजूत बसावे लागते. बेडन पॉवेल त्यात काही ठिकाणी हलके भरतात. परंतु ते हलके भरतात हे ज्या वजनाने कळते, ते वजन पुष्कळ अंशी त्यांनीच आपल्या हाती दिलेले आहे. संस्थापकाची पूजा करणाऱ्यांनी पहिली गोष्ट विसरू नये, निंदकांनी दुसरी.

मग प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? सेनानीच्या हाती मुले द्यावीत काय? आमचे मत असे की, प्रश्न सेनानीचा नाहीच. तो आपला आहे. आपल्या अनेक शाळांत बालवीर दिसतात ते पाहुण्यांच्या स्वागतास दुतर्फा उभे, इस्त्रीच्या गणवेशात, उन्हात ताटकळलेले. ज्या चळवळीने मुलाला रांगेबाहेर काढले, तिच्याच नावाने आपण त्याला पुन्हा रांगेत उभे करतो, आणि अखेर एक प्रमाणपत्र त्याच्या हाती देतो. कारण आज्ञा देणे सोपे असते. तिला लागतो फक्त आवाज. विश्वास टाकणे अवघड असते. त्यात मुलाच्या हातून चूक होण्याची, काम बिघडण्याची, आणि परत येऊन त्याने आपल्याला न आवडणारे सत्य सांगण्याची जोखीम असते. ही जोखीम जो शिक्षक घेईल, त्याच्या अंगावर खाकी असो वा नसो, त्याच्याकडे मूल खुशाल द्यावे. जो ती घेणार नाही, त्याच्या हाती ते देण्यापूर्वी आईबापांनी दोनदा विचार करावा; मग तो सेनापती असो, साधू असो, की आमच्यासारखा प्राध्यापक.